कानावरची पेन्सिल

तीनवार आंधळे झाले ही बातमी इमारतीत पहिल्यांदा आली ती इस्त्रीच्या दुकानातून. इस्त्रीवाल्याकडून बातमी येते ती कडक घडी घालूनच येते, तिला सुरकुती म्हणून नसते. "दोन्ही डोळे गेले," कॉलर दाबता दाबता तो म्हणाला. "माणूस समोर उभा असतो तरी दिसत नाही बिचाऱ्यांना. लिलावात आता लोकांना ओरडून बोली लावावी लागते." दुपारपर्यंत पहिल्या मजल्यावर तीनवार चाचपडत चालायला लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या हातात काठी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी भलत्याच दारात किल्ली घालताना पाहिलं.

साफ खोटं. त्याच संध्याकाळी तीनवार गॅलरीत उभे होते आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली इस्त्रीवाल्याला सांगत होते, "अरे, तो निळा शर्ट घेऊन चाललायस ना, त्याचं तिसरं बटण तुटलंय. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आत लाव." बटण खरंच तुटलं होतं. इस्त्रीवाल्याने ते लावून घेतलं, बातमी मात्र मागे घेतली नाही. दिलेला माल परत घ्यायची पद्धत त्याच्या दुकानात नाही.

तर डोळे शाबूत होते. इतके शाबूत होते की त्यातच सगळा घोळ झाला.

तीनवार हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. ते लिलावघरात बोली पुकारतात. लाकडी चौथऱ्यावर उभं राहायचं, हातात एवढीशी हातोडी, समोर शंभर-दीडशे माणसं. भाव वर वर नेत राहायचा आणि पुढे सरकेना झाला की "एक वार... दोन वार... तीन वार" म्हणून हातोडी आपटायची. तीन म्हटलं की माल त्याचा, मग आभाळ कोसळलं तरी परत नाही. एकतीस वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं नाव राहायचं कशाला? काकूसुद्धा चिडल्या की नवऱ्याला त्याच्याच भाषेत हाक मारतात. "अहो, ताट गार होतंय. एक वार झालं, दोन वार झालं. तिसऱ्याला मी झाकून ठेवणार आहे."

एरवी लिलाव हा शब्द मात्र काकूंना घरात चालत नाही. लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात. काकू म्हणाल्या, "मालाच्या देखरेखीवर आहेत." तीनवार तिथेच बसले होते. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "देखरेखीवर वॉचमन असतो. मी लिलाव करतो."

"तो शब्द काय वाईट दिसतो. कुणाचं तरी घर बुडाल्यासारखा."

"शब्द वाईट नाही. तुम्ही लोकांनी नासवलाय तो."

आणि हे त्यांचं जुनंच दुखणं होतं. जिन्यात कुणी सहज म्हणालं, "त्याच्या अब्रूचा पार लिलाव झाला हो," की तीनवार दोन पायऱ्यांवर थांबलेच समजा. "किती जणांनी बोली लावली?" ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे. समोरचा गडबडायचा. "अहो, बोलायची पद्धत असते." "पद्धत तुमची असेल, लिलाव आमचा आहे. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना कळेल असा, आणि जो जास्त देईल त्याला. मग तो तुमचा मामा असो नाही तर मंत्री. यातलं एक जरी काढलंत तर त्याला विक्री म्हणा, वाटप म्हणा, लूट म्हणा. लिलाव म्हणू नका." आणि मग वर जायचे. ऐकणारा बिचारा दळण आणायला निघालेला असायचा. लोक मुद्दाम त्यांच्यासमोर "वेळेचा लिलाव", "मतांचा लिलाव" असलं काहीबाही बोलून गंमत बघायचे. तीनवार दर वेळी गळाला लागायचे.

आता लिलावघराचं सांगतो. मालधक्क्याच्या मागची जुनी वखार, वर पत्रे, दोन्ही अंगांना उंचावर खिडक्या. बंद पडलेली हॉटेलं, आवरलेली ऑफिसं, वारसांनी रिकामी केलेली घरं, त्यांतलं सगळं सामान दर गुरुवारी इथे येतं. बाहेरच्याला वाटतं लिलाव म्हणजे आरडाओरडा असणार. इथे आरडाओरडा एकटे तीनवार करायचे. बाकी सगळे गप्प. कारण उघड आहे. तुम्हांला ते टेबल हवंय हे शेजारच्याला कळलं की तो नुसत्या खुन्नसने भाव चढवतो. म्हणून प्रत्येकाची आपली एक खूण. ती त्याने कधीतरी वर्षांपूर्वी तीनवारांच्या कानात सांगितलेली, आणि तीनवारांनी कुणालाही न सांगितलेली. एक बाई यायच्या, त्यांच्या पर्सची चेन उघडी असेपर्यंत त्यांची बोली चालू. चेन लागली की त्या बाहेर. हॉटेलवाल्याचा गुडघा हलायचा. रद्दीवाला चक्क डोळे मिटून बसायचा. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला डुलकी लागली. तो डुलकीत असेपर्यंत बोली लावत असायचा आणि महाग झालं की जागा व्हायचा.

आणि मिस्त्री. हे सुतार. जुनं फर्निचर घ्यायचे, दुरुस्त करून, घासूनपुसून विकायचे. शेवटच्या खांबाला टेकून उभे राहायचे. त्यांच्या उजव्या कानावर पेन्सिल. सुताराच्या कानावर पेन्सिल असायचीच, त्यात कुणाला काय वेगळं वाटणार? पण ती कानावर आहे तोवर मिस्त्री मैदानात. खाली काढली की संपलं. बावीस वर्षं त्या पेन्सिलीने कपाटं घेतली, पलंग घेतले, अख्ख्या शाळेचे बाक घेतले, आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

हा सगळा कारभार एका माणसाच्या नजरेवर चालायचा. पुकारणाऱ्याला खूण दिसली आणि त्याने ती न दिसल्यासारखी केली, तर त्याला तिथे बोली गिळणं म्हणतात. गिळलेली बोली सिद्ध करता येत नाही. खूण गुपित, मग साक्ष कोण देणार? तीनवारांनी एकतीस वर्षांत एकही गिळली नव्हती. याचा त्यांना इतका माज होता की काकूंच्या जिभेला त्यानेच धार यायची.

"एकतीस वर्षं तिथे घसा फोडताय," काकू म्हणायच्या. "जगाची घरं भरलीत. आपल्या घरात तिथली एक खुर्ची आलीय का? इस्त्रीवाल्याकडेसुद्धा लिलावातलं टेबल आहे."

"कामावरच्या माणसाला बोली लावता येत नाही."

"कामावरच्या माणसाच्या नातेवाइकाला येते ना?"

येत होती. नियमात तेवढी फट होती, आणि त्या फटीतून एके दिवशी जावईबापू आत आले.

जावईबापू तसे वाईट नाहीत. फक्त त्यांना सगळं फुगलेल्या चेहऱ्याने हवं असतं. मागत नाहीत, फुगतात. लग्नात कशावरून तरी फुगले होते ते अजून पुरते उतरलेले नाहीत. नव्या घरात गेल्यावर त्यांना कपाट हवं होतं, आणि माल बघायच्या दिवशी ते लेकीला घेऊन लिलावघरात हजर. एका बंद पडलेल्या हॉटेलातलं कपाट होतं ते. तीन दारं, तिन्हींना पुरुषभर उंचीचे आरसे, आत कप्पेच कप्पे, सगळं सागवान. जावईबापूंनी तिन्ही आरशांत स्वतःला बघून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, अठरा हजारांपर्यंत जाईन मी. पुढे नाही जमायचं. बाकी काय, सगळं तुमच्याच हातात आहे."

"माझ्या हातात हातोडी असते फक्त," तीनवार म्हणाले.

जावईबापू फुगले. लेक माहेरी येऊन आईपाशी रडली. तिकडे म्हणे उठता बसता ऐकवतात, तुझ्या बापाचा आपल्याला काय उपयोग. काकूंनी ते नवऱ्याला सांगितलं, चहाचा कप समोर ठेवता ठेवता, जरा मीठमसाला लावून. तीनवारांनी चहा तसाच ठेवला.

गुरुवारी कपाट पुढे आलं. चौथऱ्यावरून तीनवारांना सगळं दिसत होतं. पहिल्या रांगेत जावईबापू. त्यांची खूणबीण काही नाही, सरळ हात वर. त्यांच्या मागे लेक, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आठ हजारांपासून सुरुवात झाली. बारावर हॉटेलवाल्याचा गुडघा थांबला. चौदावर बाईंच्या पर्सची चेन लागली. सोळावर रद्दीवाला जागा झाला. सतराला मिस्त्री. जावईबापूंचा हात वर, अठरा.

अठरा हजार, आणि शेवटच्या खांबापाशी कानावर पेन्सिल.

रीत अशी की शेवटचा आकडा म्हटल्यावर पुकारणाऱ्याने डावीकडून उजवीकडे पूर्ण सभागृहावरून एकदा नजर फिरवायची. तीनवारांची नजर डावीकडून निघाली. बाईंवरून गेली, रद्दीवाल्यावरून गेली, खांबावर आली, आणि तिथून लेकीच्या बोटांवर उतरली. पदराचं टोक बोटाला घट्ट आवळून बोट पांढरं पडलं होतं.

"अठरा. एक वार."

मिस्त्री शांत उभे. त्यांना वाटलं, तीनवार जावयाचा दम बघताहेत.

"दोन वार."

पेन्सिल जागच्या जागी.

"तीन वार."

हातोडी पडली. लेकीने पदर सोडला. जावईबापूंनी मागे वळून लोकांकडे पाहिलं, जणू टाळ्या वाजणार होत्या. आणि खांबापाशी मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल सावकाश काढली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि शर्टाच्या खिशात ठेवली. ओरडले नाहीत. पुढच्या नगाला ते तिथे नव्हते.

एवढंच झालं. याला म्हणायचं काय, हा प्रश्न तीनवारांना त्याच दिवशी बसमध्ये पडला. सगळ्यांच्या देखत झालं होतं. सगळ्यांना ऐकू गेलं होतं. जो जास्त देईल त्याला, हे तेवढं राहून गेलं होतं. आपल्याच व्याख्येत त्यांना त्या व्यवहाराला बसवायला जागा सापडेना. दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले आणि चालत मागे आले.

पुढचं तर तुम्ही जिन्यात जातायेता बघताच आहात. जावयाच्या नव्या घराच्या दारातून ते कपाट आत जाईना. उभं जाईना, आडवं जाईना, तिरकं घातलं तर चौकटीचा टवका निघाला. जावईबापू सासऱ्याला फोनवर म्हणाले, "मापं तरी बघायला हवी होती, बाबा. तुम्हांला रोजची सवय असते." मग ते तात्पुरतं सासऱ्याकडे ठेवायचं ठरलं. हमालांनी ते आपल्या इमारतीत आणलं, पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत चढवलं, आणि तिथे ते बसलं. वर जाईना, खाली येईना. हमाल म्हणाले, "आम्ही माणसं आहोत, जादूगार नाही," आणि निघून गेले.

तेव्हापासून इमारतीचे हाल झाले असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. इमारतीची चैन झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई बाहेर पडण्याआधी तिथे केस नीट करतात. पहिल्या मजल्याने एका दारात चपला ठेवायला सुरुवात केली, दुसऱ्याने छत्र्या. कुणी काही विचारलं की सांगायचं, तीनवारांच्या कपाटात बघ. तीनवारांना मात्र रोज सकाळी कामावर जाताना अंग चोरून त्याच्या कडेने जावं लागे, आणि तिन्ही आरशांतून एकेक तीनवार त्यांच्याबरोबर खाली उतरे. ते मान खाली घालून उतरू लागले. पायऱ्या चाचपडत उतरू लागले, असं मग पहिल्या मजल्याला दिसलं, आणि काठी दुसऱ्या मजल्याने दिली. बातमीला पाय फुटतात ते असे.

पण बातमीचं मूळ इमारतीत नव्हतं. ते लिलावघरात होतं.

कपाटानंतरच्या गुरुवारी मिस्त्री आले, खांबाला टेकून उभे राहिले. कानावर पेन्सिल नाही. एक टेबल निघालं, आणि मिस्त्रींनी शाळेतल्यासारखा हात वर करून खणखणीत आवाजात म्हटलं, "दोन हजार." सगळं लिलावघर वळून बघायला लागलं. बावीस वर्षांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. रद्दीवाल्याने विचारलं, "काय मिस्त्री, आज तोंडाने?"

"तोंडानेच बरं," मिस्त्री म्हणाले. "त्यांना आता नीट दिसत नाही वाटतं."

झालं. त्याच्या पुढच्या गुरुवारी रद्दीवाला डोळे टक्क उघडे ठेवून ओरडला. बाईंनी पर्स काखेत मारली आणि सरळ बोली सांगितली. हॉटेलवाला उभाच राहिला. महिन्याभरात लिलावघराचा बाजार झाला. शेजारच्याला काय हवंय ते ऐकून शेजारचा चढवू लागला, भांडणं लागली, एकदा दोन जण एका टीपॉयवरून एकमेकांच्या गळ्यापर्यंत गेले. कुणी तीनवारांना टाकून बोललं नाही. उलट सगळे गोड बोलायचे. बाई म्हणाल्या, "जरा जपून उतरा हं पायरीवरून." रद्दीवाल्याने डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. तीनवारांनी तो खिशात ठेवला. काय करणार, परत द्यायला कारण सांगावं लागलं असतं.

इकडे काकूंना कपाटाचा वीट आला होता. त्यांनी कुणाच्या तरी ओळखीने एका सुताराला निरोप धाडला, की जिन्यातलं कपाट खोलून वर न्यायचंय. रविवारी सकाळी सुतार आले. हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि वर बघतात तर पायरीवर तीनवार.

"तुमचं आहे होय," मिस्त्री म्हणाले.

"जावयाचं आहे."

"हो. ते पाहिलं मी."

दोघे कपाटाच्या दोन बाजूंना उभे होते. मिस्त्रींनी दारावरून हात फिरवला, वरच्या पट्टीखाली बोटं घातली आणि काहीतरी चाचपलं. वरच्या जिन्यात काही कान टवकारले गेले होते. कुणाचे ते विचारू नका.

"खोलता येतं का?" तीनवारांनी विचारलं.

"येतं की. चार खिट्ट्या आहेत. आत लपवलेल्या असतात, माहीत असेल त्यालाच सापडतात. मी घेतलं असतं तर तिथेच खोलून नेलं असतं. हॉटेलात नेलं तेव्हासुद्धा कुणीतरी खोलूनच नेलं असणार."

तीनवार म्हणाले, "मला दिसत नाही असं तुम्ही लोकांना का सांगितलंत?"

"दुसरं काय सांगायचं होतं?"

"मिस्त्री, तुम्ही तेव्हाच ओरडायला हवं होतं."

"काय ओरडू? माझ्या कानावर पेन्सिल आहे म्हणून? लोक हसले असते." मिस्त्रींनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, परत ठेवला. "बावीस वर्षं मी तुमच्याकडे बघून उभा राहिलो. भाव काय झाला ते मी कधी ऐकलंसुद्धा नाही. पेन्सिल काढायची वेळ आली की तुमच्या चेहऱ्यावर कळायचं. आता ऐकावं लागतं. बरं, काढू का खिट्ट्या?"

"राहू दे," तीनवार म्हणाले.

काकू वरून ओरडल्या, "राहू दे काय? रोज चपलांच्या वासातून जायचं का आम्ही?" पण मिस्त्रींनी पिशवी उचलली होती. जाताना त्यांनी दारातली एक छत्री घसरत होती ती नीट उभी केली.

पंधरा दिवसांनी लिलावघराच्या ऑफिसात एक निनावी पत्र गेलं. लिहिणारा कोण, याबद्दल इमारतीत तीन मतं आहेत आणि तिन्ही इस्त्रीवाल्याची आहेत. पत्रात लिहिलं होतं, की पुकारणाऱ्याच्या जावयाने कपाट घेतलं आणि त्या वेळी जास्तीची बोली डावलली गेली.

ऑफिसात नव्या मॅडम आल्या होत्या. हुशार, कामसू, आणि मनाने चांगल्या. हेच पुढे नडलं. त्यांनी तीनवारांना बोलावून दार लावून घेतलं. "काका, तुमची नोकरी दीड वर्ष राहिलीय. मी सगळं ऐकलंय तुमच्या डोळ्यांचं. आपण असं करू. तुम्ही एक जबाब द्या, की दृष्टी अधू झाल्यामुळे त्या दिवशी बोली लक्षात आली नाही. मी तुम्हांला गोदामात चिठ्ठ्या चिकटवायच्या कामावर घेते. सन्मानाने निवृत्त व्हाल. नाही तर चौकशी लागेल, आणि चौकशीत माझ्या हातात काही राहणार नाही. मुद्दाम केलं असं निघालं तर सगळंच जाईल."

तीनवारांनी विचार करायला दोन दिवस मागितले.

ते दोन दिवस काकूंनी त्यांना विचार करू दिला असेल तर शपथ. "अहो, सही करायला काय जातंय? सगळी दुनिया म्हणतेच आहे तुम्हांला दिसत नाही."

"मला दिसतं."

"म्हणून काय लाऊडस्पीकर लावणार आहात? उद्या काही झालं तर जावई काय म्हणतील?"

"त्यांनी म्हणायचं काय राहिलंय?"

लेकसुद्धा आली. जिन्यातून वर येताना आरशात तिने स्वतःकडे पाहिलं नाही, असं बघणारे सांगतात. ती म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी केलंत तुम्ही. मग माझ्यासाठीच एवढं लिहून द्या." तीनवार तिच्या बोटांकडे बघत बसले. तिने हात पदराखाली घेतला.

"बरं," ते म्हणाले.

आणि गेलेसुद्धा. सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेन घेऊन. काकूंनी खिडकीतून बघून हुश्श केलं. इमारतीने मानलं की आता म्हातारा गोदामात चिठ्ठ्या डकवणार, आणि गुरुवारी लिलावाला दुसरा कुणीतरी उभा राहणार, ज्याला नाव ठेवायला पुन्हा सगळ्यांना विचार करावा लागणार.

मॅडमच्या खोलीत मिस्त्री आधीच बसले होते. बोली कुणाची डावलली गेली हे पत्रात होतं, म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. टेबलावर टाइप केलेला कागद. मॅडमनी मिस्त्रींना विचारलं, "तुमची तक्रार आहे का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "मी लांब होतो. खांबाच्या आड. त्या बाजूला उजेडही कमी असतो. यांचं वय झालं. नाही दिसलं, त्यात काय."

"तुमची खूण काय होती?"

"होती काहीतरी. बारीकशी. चांगल्या डोळ्यांनासुद्धा दिसली नसती."

मॅडमनी समाधानाने मान हलवली आणि कागद तीनवारांपुढे सरकवला. तीनवारांनी पेन काढलं. मग चष्मा न लावता कागद हाताच्या अंतरावर धरला आणि वाचायला लागले. सावकाश, मोठ्याने. "सदर लिलावात दृष्टिदोषामुळे व नजरचुकीने..." इथे ते थांबले.

"काय झालं, काका?"

"लिलाव हा शब्द काढा यातला."

"म्हणजे? मग काय लिहू?"

"ते मला नाही सांगता यायचं. मी शोधतोय तो शब्द तीन महिने. पण लिलाव नव्हता तो."

"बरं, 'व्यवहारात' लिहिते. चालेल?" मॅडमनी पेनने खोडून वर नवा शब्द लिहिला. "आता सही करा. इथे."

तीनवारांनी पेन टेकवलं. मिस्त्रींनी तोंड खिडकीकडे फिरवलं, माणसाला अवघड होऊ नये म्हणून फिरवतात तसं. त्या खिडकीकडे फिरवलेल्या तोंडात इतकी दया होती की एवढी वर्षं चौथऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती सोसवेना. तीनवारांनी पेनाचं टोपण लावलं, कागद घडी न करता परत सरकवला आणि मॅडमकडे न बघता मिस्त्रींना म्हणाले,

"मिस्त्री, पेन्सिल लाल होती. मागचं टोक चावलेलं होतं, आणि कानाच्या वर पांढरा भुसा होता. तीन म्हणताना मी तिच्याकडेच बघत होतो."